एका नटावर १८१ किलोन्यूटन : कॅन्सस सिटीच्या लटकत्या पुलांचं गणित

१७ जुलै १९८१ची संध्याकाळ. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत हयात रिजेन्सी हॉटेलच्या उंच दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू होता. दालनाच्या छताला पोलादी रॉडनी टांगलेले तीन पादपूल होते. दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे पूल बरोबर एकाखाली एक होते, तिसऱ्या मजल्याचा बाजूला वेगळा टांगलेला होता. ७ वाजून ५ मिनिटांनी चौथ्या मजल्याचा पूल रॉडवरून निसटला आणि खालच्या पुलाला सोबत घेऊन गर्दीवर कोसळला. ११४ माणसं गेली. हॉटेल सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं.

भूकंप नव्हता, वारा नव्हता, गंजही नव्हता. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेनं चौकशी करून १९८२मध्ये अहवाल दिला. पोलादाचा दर्जा किंवा कामाची सफाई हे अपघाताचं महत्त्वाचं कारण नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कारण होतं एका जोडाचं न केलेलं गणित. ते गणित डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी कागदाच्या एका पानावर करू शकतो, म्हणूनच ते इथं पूर्ण मांडलं आहे. ज्यानं कधी रॉड, नट आणि चॅनेल (इंग्रजी C आकाराच्या छेदाचा पोलादी भाग) वापरून काही टांगलं असेल, त्यानं हे पान स्वतःच्या हातानं एकदा सोडवावं.

रचना काय होती

प्रत्येक पूल १२० फूट, म्हणजे ३६.६ मीटर लांब, आणि वजनानं सुमारे २९ टन. लांबीचे ३० फुटांचे चार गाळे होते. दोन्ही टोकं इमारतीवर टेकलेली होती आणि मधल्या तीन ठिकाणी एकेक आडवा बॉक्स बीम होता. त्या प्रत्येक बीमच्या दोन्ही टोकांना एकेक रॉड, म्हणजे एका पुलाला सहा रॉड. रॉड सव्वा इंच जाडीचा.

बॉक्स बीम बाजारातून तयार आणलेला नव्हता. चॅनेलची उभी भिंत म्हणजे वेब आणि तिच्या वर-खाली आडव्या निघालेल्या पट्ट्या म्हणजे फ्लँजा. आठ इंची दोन हलकी चॅनेल समोरासमोर ठेवून, फ्लँजांच्या कडा एकमेकींना भिडवून वेल्ड केल्या होत्या. त्यामुळे वेल्डची रेघ वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाच्या अगदी मधोमध येत होती. रॉडसाठी भोक पाडलं तेही त्याच रेघेवर. रॉड बीममधून आरपार जायचा आणि खाली वॉशर व नट यायचा. पुलाचा सगळा भार त्या नटावर, आणि नट टेकलेला दोन फ्लँजांच्या टोकांवर. चॅनेलची फ्लँज टोकाशी सर्वांत कमकुवत असते, कारण वेबपासून ती तिथं सर्वांत दूर असते.

मूळ नकाशात छतापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत एकच अखंड रॉड दाखवला होता. चौथ्या मजल्याच्या बीमखाली त्याच रॉडवर एक नट, आणि खाली दुसऱ्या मजल्याच्या बीमखाली दुसरा. पण चौथ्या मजल्याचा नट जागेवर न्यायचा तर तो खालच्या टोकातून चढवून जवळपास नऊ मीटर फिरवत वर न्यावा लागणार होता. म्हणजे तेवढ्या लांबीवर आटे पाडायचे आणि उभारणीच्या धावपळीत ते ठेचू न देता जपायचे. फॅब्रिकेटरची, म्हणजे पोलादी भाग बनवणाऱ्या कंपनीची, ही अडचण खरी होती. त्यानं सुचवलेला उपाय असा: एका रॉडचे दोन रॉड करायचे. पहिला छतापासून चौथ्या मजल्याच्या बीमपर्यंत. दुसरा त्याच बीमला, पहिल्यापासून चार इंच आत पाडलेल्या भोकातून, वरून नट लावून टांगायचा आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत सोडायचा. शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे भाग बनवण्यासाठीच्या नकाशावर, हा बदल आला, त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा शिक्का बसला आणि काम पुढं गेलं.

घरातल्या शिंक्याचा विचार करा. आढ्याला एक दोर बांधला, त्याला वर-खाली दोन गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीवर एकेक मडकं ठेवलं, तर प्रत्येक गाठीवर एकाच मडक्याचं ओझं येतं. आता खालचं शिंकं वरच्या शिंक्याच्या बुडाला बांधा. मडकी तीच, आढ्यावरचं ओझंही तेच. पण वरच्या गाठीला आता दोन्ही मडकी पेलायची आहेत.

पहिली पायरी : भार

पुलाचं स्वतःचं वजन २९ टन म्हणजे सुमारे २८५ किलोन्यूटन. चार समान गाळे असल्यानं दोन्ही टोकं मिळून पाव हिस्सा घेतात आणि उरलेला पाऊण सहा रॉडवर येतो.

२८५ × ०.७५ ÷ ६ = ३५.६ किलोन्यूटन

माणसांचा भार इमारत संहितेनुसार १०० पौंड प्रति चौरस फूट, म्हणजे ४.७९ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. एका रॉडच्या वाट्याला ९.१४ मीटर लांबी आणि सुमारे अडीच मीटर रुंदीचा अर्धा भाग येतो.

९.१४ × १.२५ × ४.७९ = ५४.७ किलोन्यूटन

दोन्हींची बेरीज ९०.३, म्हणजे सुमारे ९० किलोन्यूटन; दोन पुलांची मिळून १८१. एका पुलाच्या एका जोडावरचा हा डिझाइन भार, म्हणजे ज्यासाठी जोड बनवायचा तो भार.

दुसरी पायरी : नट सुटा करून पाहणे

खरी चूक इथं झाली आणि तिच्यासाठी एकही सूत्र लागत नाही. चौथ्या मजल्याचा जोड कागदावर बाकी सगळ्यापासून कापून वेगळा काढायचा आणि त्यावरची बलं बाणांनी दाखवायची.

अखंड रॉडच्या बाबतीत नटाच्या वर रॉडमध्ये १८१ किलोन्यूटन ओढ आहे, नटाच्या खाली त्याच रॉडमध्ये ९० आहे. दोहोंतला फरक ९०, आणि तेवढाच नट बीमवर दाबतो. खालच्या पुलाचा भार बीमला स्पर्शही न करता रॉडमधून सरळ वर जातो.

दोन रॉडच्या बाबतीत बीमवर तीन बलं येतात. चौथ्या मजल्याच्या पुलाचे ९० खाली, खालच्या रॉडचे ९० खाली, आणि त्यांना तोलणारे १८१ वर. हे वरचं बल बीमला एकाच ठिकाणाहून मिळतं, वरच्या रॉडच्या नटातून. नटावरचा भार बरोबर दुप्पट झाला. छतावरची प्रतिक्रिया, रॉडमधली सर्वाधिक ओढ आणि पुलांचा एकूण भार यांत काहीच बदल नाही. म्हणून एकूण बेरीज तपासणाऱ्याला सगळं पूर्वीसारखंच दिसतं. बदल फक्त एका जोडात दिसतो, आणि तो जोड सुटा करून पाहिला तरच.

तिसरी पायरी : रॉडचं प्रतिबल आणि विकृती

सव्वा इंची रॉडचा पूर्ण छेद ७९२ चौरस मिलिमीटर. आट्यांच्या जागी धातू कमी असतो, तिथं हिशोबाचा छेद सुमारे ६२५. प्रतिबल, म्हणजे स्ट्रेस (दर चौरस मिलिमीटरवर येणारं बल), नेहमी सर्वांत अरुंद जागी मोजायचं. विद्यार्थी पूर्ण व्यास धरतात आणि इथंच वीस टक्के हरवतात.

खालचा रॉड : ९०,३०० ÷ ७९२ = ११४ न्यूटन प्रति चौरस मिमी, आट्यांत १४४.

वरचा रॉड : १,८१,००० ÷ ७९२ = २२९, आट्यांत २९०.

पोलाद अमेरिकन ए ३६ प्रतीचं, यील्ड प्रतिबल, म्हणजे ज्याच्या पुढं पोलादाचा आकार कायमचा बदलतो ते, सुमारे २५०. तेव्हाच्या पद्धतीनुसार आटे नसलेल्या रॉडलाही पूर्ण छेदावर त्याच्या ६० टक्के म्हणजे १५० पर्यंतच परवानगी, आटे असलेल्याला त्याहून कमी. वरचा रॉड २२९ वर आहे, म्हणजे तो डिझाइन भाराला पुरत नव्हताच. आणि हे मूळ नकाशालाही लागू आहे, कारण अखंड रॉडच्या वरच्या भागातही १८१च होते. वरचे रॉड संहितेत बसत नव्हते हे अहवालातही नोंदलेलं आहे. या प्रकरणाची गोष्ट सांगताना बहुतेकजण दोन रॉडपाशी थांबतात आणि मूळ नकाशा निर्दोष होता असं सुचवतात. तो निर्दोष नव्हता.

आता विकृती, म्हणजे स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ). पोलादाचा यंग गुणांक (प्रतिबल भागिले विकृती) २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. खालच्या रॉडमध्ये फक्त पुलाच्या वजनानं प्रतिबल ४५ येतं, विकृती ०.०००२२५. नऊ मीटर लांबीवर ही वाढ दोन मिलिमीटर. पूर्ण डिझाइन भाराला विकृती ०.०००५७, वाढ पाच मिलिमीटर. नऊ मीटरच्या रॉडमधले दोन-पाच मिलिमीटर डोळ्यांना दिसणार नाहीत. रॉडकडे पाहून कुणालाही धोका कळला नसता, कारण धोका रॉडमध्ये नव्हता. कोसळल्यानंतर वरचे रॉड छताला तसेच लोंबत राहिले, खालच्या टोकाला नट आणि वॉशर शाबूत. त्यांच्यावरून बीम निसटून गेला होता.

चौथी पायरी : फ्लँज

चॅनेलची मापं अशी: उंची २०३ मिमी, फ्लँजची रुंदी ४७.६, फ्लँजची जाडी ७.९, वेबची जाडी ४.५. दोन चॅनेल मिळून बॉक्स ९५ मिमी रुंद. वेबच्या आतल्या बाजूपासून मधल्या वेल्डपर्यंत सुमारे ४३ मिमी.

नटाचा भार वॉशरमधून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा जातो. वॉशर फ्लँजला भोकाच्या कडेलगत टेकतो, मध्यरेषेपासून सुमारे २३ मिमीवर. म्हणजे वेबपासून बलाचं अंतर सुमारे २० मिमी. भार रॉडच्या आजूबाजूला बीमच्या लांबीवर १०० मिमी पसरतो असं धरू. रॉड बीमच्या टोकापासून दोनच इंचांवर होता, त्यामुळे एका बाजूला पसरायला जागा पन्नास मिलिमीटरच. म्हणून १०० हा आकडा कंजूषपणाचा नाही, वाजवी आहे.

वेल्ड काहीच काम करत नाही असं आधी धरू. मग प्रत्येक फ्लँज वेबमधून बाहेर आलेला छोटासा कँटिलिव्हर आहे. डिझाइन भाराच्या अर्ध्याला, म्हणजे एका पुलाच्या ९० किलोन्यूटनला:

आघूर्ण (वाकवणारा परिणाम, बल गुणिले अंतर) = ४५,००० × २० = ९,००,००० न्यूटन-मिमी

छेद गुणांक (वाकण्याला छेदाचा विरोध दाखवणारं माप) = १०० × ७.९² ÷ ६ = १०४० घन मिमी

प्रतिबल = ९,००,००० ÷ १०४० = ८६५ न्यूटन प्रति चौरस मिमी

यील्ड २५०. मूळ नकाशाच्या भाराला तिप्पट-साडेतीनपट, आणि बदललेल्या जोडाला त्याच्याही दुप्पट. अर्थात ८६५चं प्रतिबल प्रत्यक्षात येत नाही. २५०च्या पुढं पोलाद वाहू लागतं आणि सूत्रातली सरळ रेषा तिथंच संपते. हा आकडा एवढंच सांगतो की फ्लँज यील्ड होणार. पुढं विचारायचं, पूर्ण प्लास्टिक होईपर्यंत, म्हणजे तिची सगळी जाडी यील्ड होईपर्यंत, ती किती पेलेल.

प्लास्टिक आघूर्ण = १०० × ७.९² ÷ ४ × २५० = सुमारे ३,९०,००० न्यूटन-मिमी. २० मिमीनं भागलं की एका फ्लँजला १९.५ किलोन्यूटन, दोन्ही मिळून ३९. ही वेल्ड उकललेल्या जोडाची ताकद. वेल्ड पूर्ण धरून राहिला तर मध्यावर आणखी एक बिजागरी, म्हणजे फ्लँज पूर्ण यील्ड होऊन मुडपते अशी जागा, तयार व्हावी लागते आणि ताकद दुपटीपर्यंत, म्हणजे ७८ पर्यंत जाते. म्हणजे हातानं केलेल्या हिशोबाचा निकाल ३९ ते ७८ किलोन्यूटन. ब्यूरोनं प्रयोगशाळेत असेच जोड बनवून तोडून पाहिले. बदललेल्या जोडाची ताकद सरासरी सुमारे ८३ किलोन्यूटन भरली. प्रत्यक्षातलं पोलाद नाममात्र २५०पेक्षा बरंचसं मजबूत असतं आणि वाकल्यावर फ्लँज काही भार ताणून घेऊनही पेलते, त्यामुळे प्रयोगाचा आकडा थोडा वर येणं साहजिक आहे. पसरण आणि अंतर ही आपली गृहीतकं आहेत, ती बदलली तर आकडे हलतील. पण १८१ पर्यंत त्यांना कुठल्याही वाजवी गृहीतकानं नेता येत नाही.

संहितेच्या सुरक्षिततेसाठी डिझाइन भाराच्या १.६७ पट ताकद हवी. अखंड रॉडच्या जोडाला ९०च्या हिशोबानं सुमारे १५१ किलोन्यूटन लागत होते. चौकशीत त्या जोडाची ताकद गरजेच्या ६० टक्केच निघाली. बदललेल्या जोडाला ३०२ लागत होते आणि हाती होते ८३, जेमतेम पाव.

त्या संध्याकाळी किती भार होता

दुसऱ्या मजल्याच्या पुलावर सुमारे ४० आणि चौथ्यावर १६ ते २० माणसं उभी होती. साठ माणसं, सरासरी ७० किलो, म्हणजे सुमारे ४१ किलोन्यूटन. दोन्ही पुलांचा डिझाइनमधला जिवंत भार, म्हणजे माणसांचा भार, ३६.६ × २.५ × ४.७९ × २ = सुमारे ८७७ किलोन्यूटन होतो. त्याच्या पाच टक्केही लोक पुलांवर नव्हते. "गर्दी जास्त झाली म्हणून पूल पडला" हे वाक्य या प्रकरणात साफ चुकीचं आहे, आणि त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्या माणसांवर अन्याय करणारंही.

वरच्या नटावर दोन पुलांचं निव्वळ वजन ७१ किलोन्यूटन आधीपासूनच होतं. ताकद ८३. उरलेल्या बारा किलोन्यूटनमध्ये माणसं, त्यांची हालचाल, काँक्रीटच्या जाडीतला थोडासा फरक आणि वेल्डमधला कमी-अधिकपणा, सगळं बसवायचं होतं. अहवालाचा निष्कर्षही हाच: पुलांना स्वतःचं वजन कसंबसं पेलत होतं, माणसांसाठी जवळजवळ काहीच शिल्लक नव्हतं. मधल्या बॉक्स बीमच्या एका टोकाला सुरुवात झाली. खालच्या फ्लँजा आत वर वळल्या, वेल्डची रेघ उकलली, दोन्ही वेब बाहेर फुगले, नट बॉक्समध्ये शिरला आणि वरची फ्लँज फाडून बाहेर आला. एक जोड सुटताच त्याचा भार शेजाऱ्यांवर गेला. त्यांच्यातही शिल्लक नव्हती, म्हणून थांबवणारं कुणी उरलं नाही.

तिसऱ्या मजल्याचा पूल पडला नाही. त्याच्या नटांवर एकाच पुलाचा भार होता. तरीही त्याच्या बॉक्स बीमची खालची फ्लँज नटाभोवती वाकलेली आढळली. माणसांच्या वर्दळीत, प्लास्टरच्या आत झाकलेलं पोलाद यील्ड होऊन बसलं होतं. एकाच जोडाच्या दोन अवस्था एकाच दालनात शेजारी-शेजारी होत्या.

हिशोब का राहिला

इंजिनिअरच्या कार्यालयानं धरलं की जोडाचं तपशीलवार डिझाइन फॅब्रिकेटर करेल. फॅब्रिकेटरनं धरलं की नकाशात दाखवलेला जोड इंजिनिअरनं तपासलेला आहे. नकाशावर त्या जोडात किती बल येतं हे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे आकडा जुळत नाही हे कुणालाही जाणवलं नाही. बांधकाम चालू असताना, १४ ऑक्टोबर १९७९ रोजी, याच दालनाच्या छताचा काही भाग कोसळला होता. त्या इशाऱ्यानंतरही रॉड आणि बॉक्स बीमच्या जोडाचं गणित कागदावर आलं नाही. पुढं दोन इंजिनिअरांचे मिसुरीतले परवाने रद्द झाले.

रॉडचे दोन तुकडे करणं हा गुन्हा नव्हता, हे ठासून सांगायला हवं. तशी रचना पूर्णपणे सुरक्षित करता येते. फक्त त्यासाठी जोड १८१ किलोन्यूटनला बनवावा लागतो.

तो कसा बनला असता

रॉड : त्या काळच्या परवानगीनुसार आटे असलेल्या रॉडवर पूर्ण छेदात सुमारे १३२ न्यूटन प्रति चौरस मिमी. १,८१,००० ÷ १३२ = १३७१ चौरस मिमी, व्यास ४१.८. म्हणजे पावणेदोन इंची, ४४ मिमीचा रॉड.

नटाखालची प्लेट : भार फ्लँजच्या टोकावर न जाता थेट दोन्ही वेबवर जावा, म्हणून बॉक्सच्या पूर्ण रुंदीची जाड प्लेट हवी. एका बाजूला ९०.५ किलोन्यूटन, वेबच्या जाडीच्या मध्यापासून वॉशरच्या टेकूपर्यंत सुमारे २३ मिमी, आघूर्ण २०,८०,००० न्यूटन-मिमी. १०० मिमी लांबीच्या प्लेटमधून ३३ मिमीचं भोक वजा केल्यावर ६७ उरतात. परवानगी १८७ धरली तर छेद गुणांक ११,१०० घन मिमी लागतो आणि जाडी ३२ मिमी निघते. रॉड ४४चा घेतला की भोकही मोठं होतं, प्लेट आणखी लांब करावी लागते आणि बीमच्या टोकापासूनचं दोन इंचांचं अंतर तिला अपुरं पडतं. म्हणजे भोकच आत सरकवायला हवं. एक आकडा बदलला की शेजारचे तीन बदलतात, ते असे.

वेब : ४.५ मिमीच्या वेबवर ९०.५ किलोन्यूटन सुमारे १२० मिमी लांबीवर येतात, प्रतिबल १६७. हे काठावर आहे, म्हणून बॉक्सच्या आत उभे स्टिफनर, म्हणजे वेबला आधार देणाऱ्या पट्ट्या. ते चॅनेल एकमेकांना वेल्ड करण्याआधीच बसवावे लागतात, नंतर आत हात जात नाही. हे फॅब्रिकेशनच्या क्रमात आधीच लिहून ठेवायचं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यानं हाच रॉड आयएस ८०० : २००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाच्या पद्धतीनं तपासून पाहावा. भार गुणक १.५, म्हणजे मागणी २७१ किलोन्यूटन. ३२ मिमी रॉडची पूर्ण छेदावरची यील्ड क्षमता २५० × ७९२ ÷ १.१ = १८० किलोन्यूटन. आट्यांच्या छेदावर ०.९ × ४०० × ६२५ ÷ १.२५, तेही १८०. दोन्ही वाटांनी रॉड नापास. आणि नटाखालच्या फ्लँजचा हिशोब त्यानंतरही वेगळा करायचाच आहे, कारण रॉड पास झाला तरी तो जोडाबद्दल काहीच सांगत नाही.

हॉटेलचं दालन पुन्हा बांधलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावर एकच मार्ग ठेवला गेला. तो छताला टांगलेला नाही, खालून खांबांवर उभा आहे.